फोनमधला गुरू

या, मायबाप, असे जवळ सरकून बसा. एका घड्याळजीच्या एका दुपारची गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्यानं सांगण्यासारखी नाही.

त्या दुपारी श्वासाचं यंत्र बंद पडलं. त्याची बायको दोन वर्षं त्याच यंत्राच्या नळीवर तग धरून होती. त्यानं लगबगीनं घरातला प्राणवायूचा छोटा सिलिंडर जोडला. काटा सांगत होता, जेमतेम चार तास. कंपनीचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, उद्या येतो. रुग्णवाहिकावाले म्हणाले, दोन्ही गाड्या लांब गेल्यात, संध्याकाळ होईल.

“मग उघडा की तुम्हीच,” बायको म्हणाली. एवढ्या वाक्यालाही तिला दोनदा थांबावं लागलं. “तुमचा गुरू आहे ना फोनमध्ये.”

ही तिची जुनी थट्टा. लोकांनी मनगटावरची घड्याळं काढली आणि याचा धंदा बसला. मग पन्नाशी उलटल्यावर हा फुकटचे व्हिडिओ बघून पंखे शिकला, मिक्सर शिकला, शिलाई मशीनची मोटार शिकला. शिष्य असा, की गुरूचा पेच तिरका बसला तर इकडे यानं जीभ चावावी.

पण पंखा बिघडला तर माणसाला घाम येतो, एवढंच. इथं माणूसच जायचं.

त्या यंत्राचा एकच व्हिडिओ सापडला, तोही परक्या भाषेतला. चेहरा दिसत नव्हता, नुसते हात दिसत होते. हातांची भाषा घड्याळजीला येत होती. मध्येच गोरं करणाऱ्या साबणाची जाहिरात लागे, पाच सेकंद. तेवढ्यात तो सिलिंडरचा काटा बघून घेई.

“गुरू काय म्हणतो?”

“अगं, बोलू नकोस. दम लागेल.”

“दम लागतोय म्हणूनच बोलतेय. उगीच शिल्लक कशाला ठेवू?”

पंपाजवळची नळी चिरली होती. चिरलेला तुकडा त्यानं छाटला, हातांनी दाखवलं तसा नवा सांधा घातला. तीन तासांनी यंत्र घुरघुरलं. पिवळा दिवा लागला. व्हिडिओतही पिवळाच होता. तिथं ते हात थांबले आणि तो माणूस बोलू लागला. बराच वेळ बोलत राहिला. याला अक्षर कळेना. निरोप घेत असेल, असं समजून यानं फोन बंद केला. तिच्या नाकाची नळी यंत्राला लावली आणि उरलेला सिलिंडर रात्रीपुरता असू दे म्हणून बंद केला.

“कसं वाटतंय?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, बोटं काळी, डोळे लाल.

“बरं वाटतंय,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “हाताला यश आहे तुमच्या.”

ओठ निळसर दिसले, तरी त्याला वाटलं, थकली असेल. त्यानं पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. खरंच बरं वाटत होतं, की नवऱ्याचं तोंड बघून बोलली, देव जाणे.

संध्याकाळी रुग्णवाहिका आली. तोवर घाई उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याला काही ठाऊक नव्हतं. “काका, नळी झकास जोडलीत,” तो म्हणाला. “फक्त सांध्यातून बारीक गळतंय. पिवळा दिवा म्हणजे नुसती हवा, पुरेसा प्राणवायू नाही. हिरवा लागला की मगच नाकाला लावायचं. काकू कुठायत? दवाखान्यात?”

घड्याळजीनं त्याला पाणी दिलं.

महिन्याभरानं त्यानं तो व्हिडिओ पुन्हा लावला. शेवटचं बोलणं पुरतं ऐकलं, एक शब्द न कळता. मग खाली, परक्या अक्षरांच्या रांगेत, एका बोटानं शोधून शोधून लिहिलं: “हिरवा दिवा लागेपर्यंत सिलिंडर काढू नका. आपलं माणूस बरं वाटतंय म्हणेल. तरी काढू नका.”

मायबाप, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या माउलीला आठवा.