डॉक्टरांची अँबॅसडर शर्यतीत

दचकू नका. चिंचेखाली उभी असलेली ही पांढरी अँबॅसडरच बोलतेय. पेणमध्ये हिरामण मिस्त्रीच्या गॅरेजमागे मी बरीच वर्षं अशी निवांत उभी आहे. माझ्या दारावर एक फिकट आकडा दिसतो ना? तो पाहून लोक हसतात. "ही शर्यतीत धावली? ही?"

होय, धावले. ऐका तर.

माझा जन्म बंगालमधला, हुगळीकाठच्या कारखान्यातला. तिथून आले ती पेणच्या एका डॉक्टरांच्या दारात. डॉक्टर स्वभावाने सावकाश. मिठागरांच्या बांधावरून ते मला अशा बेताने नेत की समोरचे बगळेसुद्धा उडत नसत. माझी मागची सीट म्हणजे सोफाच. तिच्यावर तापाने फणफणलेली माणसं निजली, अडलेल्या बायका कण्हल्या. एक बाळ तर वडखळच्या फाट्यावरच जन्मलं! गाडीचा जन्म यासाठीच असतो, असं मला वाटायचं.

डॉक्टरांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी मला हिरामणच्या हवाली केलं. हिरामण माझा नेहमीचा मिस्त्री. माझ्या पोटातला आवाज ऐकून दुखणं ओळखणारा. मी निर्धास्त होते. पण त्याच वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, पेण ते रोहा अशी मोटारींची शर्यत ठरली. गागोद्याकडचे कच्चे रस्ते घ्यायचे, नागोठण्यावरून खिंड ओलांडायची आणि रोह्यात शेवट. हिरामणच्या डोक्यात वारं शिरलं.

"हिला उतरवणार?" गॅरेजात गप्पा मारायला येणारा हिरामणचा दोस्त मोरू खो खो हसला. "अरे, म्हैस हाय ती!"

हिरामणने हे मनावर घेतलं. माझी सीट काढली, गालिचा काढला, बंपर उतरवले. वजन कमी हवं म्हणे. गाडी उलटली तरी आतली माणसं वाचावीत म्हणून आत पाण्याच्या पायपांचा पिंजरा वेल्ड केला. इंजिनाचं हेड घासलं, दुसरा कार्बोरेटर चढवला. मी सुरू झाले की गल्लीतली कुत्री पळायची. मला माझाच आवाज ओळखू येईना. इतक्या आजाऱ्यांना जपून नेलेली मी, आता नुसता पत्रा आणि गुरगुर. खरं सांगते, लाज वाटली.

नियमाप्रमाणे गाडीत दोघं हवीत, एक चालवायला, एक वळणं सांगायला. मोरू बसणार होता, पण एका चाचणीनंतर तो गटाराकाठी ओकत बसला आणि म्हणाला, "मला नाय जमायचं."

हिरामणची बायको सगुणा या खुळाच्या पहिल्यापासून विरुद्ध होती. तिनेच आता पदर खोचला.

"मी बसते."

"तू? तुला भीती नाय वाटत?"

"वाटते. पन घरी बसून वाट बघायची, त्याची जास्त वाटते."

शर्यतीच्या दिवशी सकाळी झेंडा पडला. पहिल्या कच्च्या रस्त्यालाच दोन चकचकीत गाड्यांचे पोटाखालचे तेलाचे चेंबर फुटले. मी मात्र खड्ड्यांना जुनी सरावलेली. धुळीतून बाहेर आले तेव्हा माझ्यापुढे चारच गाड्या होत्या. सगुणा वळणं ओरडून सांगत होती, "डावीकडं! अवो, डावीकडं!" आणि कबूल करते, त्या घटकेला मलाही मजा वाटू लागली होती.

खिंड चढलो. उतार लागला आणि हिरामणने ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. कुठल्याशा दगडाने माझी ब्रेकची नळी फोडली होती.

"सगुणा, घट्ट धर."

त्याने गिअर खाली टाकले, हँडब्रेक ओढला. माझं इंजिन किंचाळलं, पण माझं धूड थांबेना. पुढे वळणावर पेंढ्याने भरलेली बैलगाडी. उजवीकडे दरड, डावीकडे कापलेली शेतं. हिरामणने मला शेतात घातलं. बांध उडाला, मी उडाले, आणि भाताचे भारे रचून केलेल्या उंच उडवीत थेट दारापर्यंत घुसले.

इंजिन बंद पडलं.

"सगुणा!" हिरामण आत शिरलेला पेंढा उपसू लागला. "बोल गो. काय तरी बोल!"

"तोंडात पेंढा हाय," पेंढ्याआडून आवाज आला. "कशी बोलू?"

तो हसायला लागला आणि हसता हसता हुंदके देऊ लागला. माझ्या पत्र्यातली थरथर तेव्हा कुठे थांबली. दोघं जिवंत होती. मला आणखी काही नको होतं.

शेताची मालकीण गिरजाबाई विळा घेऊनच धावत आली. "डोळं फुटलं का रं? वर्साचं भात हाय माझं!" मग तिची नजर पेंढ्यातून धडपडत बाहेर येणाऱ्या सगुणावर गेली. विळा खाली ठेवून ती म्हणाली, "आधी पाणी प्या."

शर्यतीतल्या गाड्या वरून भर्रकन जात होत्या. ही दोघं मात्र गिरजाबाईबरोबर भारे उचलून उडवी पुन्हा रचत होती. एकही भारा मागे सोडला नाही. मग हिरामणने फुटकी नळी चिमटून बंद केली, तेल भरलं. तीन चाकांना ब्रेक आले.

"घरी जाऊ," तो म्हणाला.

"रोह्याला जाऊ," सगुणा म्हणाली. "पन हळू."

आम्ही रोह्यात पोहोचलो तेव्हा मंडप सोडत होते. आम्हाला शोधायला जीप निघायच्या बेतात होती. आम्हाला पाहताच टेबलामागच्या साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला.

"कितवा नंबर?" हिरामणने विचारलं.

"शेवटचा."

"मग लिहा की शेवटचा," सगुणा म्हणाली. "पन लिहा."

दुसऱ्या दिवशी हिरामणने पिंजरा कापला आणि माझी सीट परत बसवली. गादीचा तो जुना वास पुन्हा आत भरला, तेव्हा आजारातून उठल्यासारखं वाटलं मला. पुढे सगुणाच मला चालवायला शिकली. बाजारात, लग्नाला, दवाखान्यात, सगळीकडे तिनेच नेलं.

आता माझं इंजिन गार आहे. संध्याकाळी दोघं माझ्या सीटवर बसून चहा पितात, भांडतात, गप्प होतात. रस्त्यावरून नव्या गाड्या सुसाट जाताना ऐकू येतात. त्यांचा मला राग येत नाही, हेवा तर नाहीच. मी मनात एवढंच म्हणते, जा बाबांनो, पण घरी कुणीतरी वाट बघतंय, तेवढं विसरू नका.