पिपाणीवाल्यांच्या हिरड्या

गल्लीत त्यांना सगळे पिपाणीवाले म्हणत. ते वाजवायचे ट्रम्पेट, तेही पोलिसांच्या बँडमध्ये पहिल्या रांगेत. पण गल्लीला त्याचं काय! संचलनातला शेवटचा उंच सूर त्यांचाच असे.

या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. ब्रश फिरवला की बेसिन लाल. त्यांनी आपल्या परीने तोडगा काढला: रक्त येतं तिकडे ब्रश न्यायचाच नाही. रक्त दिसेनासं झालं, तेवढ्यावर त्यांचं समाधान.

बायको शेवटी बोललीच. "अहो, रागावू नका, तुमच्या तोंडाला वास येतोय."

"कांदा खाल्ला असेल."

"घरात कांदाच नाहीये."

त्यांनी विषय बदलला. खालचे पुढचे दात जिभेने ढकलले की हलतात, हे त्यांना कधीच कळलं होतं. ट्रम्पेट ओठांवर टेकवलं की मागून दातांचा आधार लागतो. तो गेला तर काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःलासुद्धा विचारला नव्हता.

मग एका तालमीत उंच सूर फाटला. मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. बँडमास्तरांनी हात खाली केला.

"काय झालं?"

"घसा बसलाय, साहेब."

"घसा बसला तर ट्रम्पेट कसं फाटेल?"

त्यांनी फडक्याने ट्रम्पेट पुसायला घेतलं. संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "दात हलतायत गं." ती ओरडली नाही. हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली आणि म्हणाली, "उद्या रजा टाका."

दाताच्या डॉक्टरबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. छोटा आरसा आत घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"इथे ब्रश करत नाही का?"

"रक्त यायचं. म्हणून सोडला."

"उलट, घाण साठली म्हणून रक्त येत होतं. तिचा आता दगड झालाय. त्याने हिरडी सुटली, खालचं हाड झिजलं. गेलेलं हाड परत येत नाही. उरलंय ते सांभाळू."

"ट्रम्पेट वाजवता येईल?"

डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "एक दात काढावा लागेल. बाकीचे तारेने बांधते. पण त्यांच्यावर जोर द्यायचा नाही."

"जोर दिल्याशिवाय माझा वरचा सूर लागत नाही."

"मग तो सोडावा लागेल."

सोबत आलेली बायको खिडकीबाहेर बघत राहिली. पिपाणीवाल्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "काढा," ते म्हणाले.

दात काढताना फारसं दुखलं नाही. नंतर बऱ्याच फेऱ्यांत कीट खरवडून काढलं, तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं. ब्रश कसा धरायचा, हिरडीच्या कडेने हलका कसा फिरवायचा, हे या वयात शिकावं लागलं. मुलगी त्यांना आरशात बघून हसायची, तर त्यांनी तिलाही शेजारी उभं केलं.

बँडमास्तरांना त्यांनी या खेपेला खरं सांगितलं. शेवटचा सूर दुसऱ्या रांगेतल्या बाईंकडे गेला. श्वास कुठे घ्यायचा ते पिपाणीवाल्यांनीच त्यांना दाखवलं. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला मोठा भोंगा, म्हणजे ट्युबा, आला. त्याचं फुंकायचं तोंड रुंद, ओठांवर जोर कमी, आवाज खालचा. सुरुवातीला ते दुसऱ्याचे बूट घातल्यासारखे अवघडून वाजवत. हळूहळू जमलं. बांधलेले दात टिकले.

सुट्टीच्या दिवशी ते भोंगा घरी आणतात. खिडक्यांच्या काचा थरथरतात. बायको वामकुक्षीला पडते आणि आतून म्हणते, "अहो, हे बरंय. झोप छान लागते."

हे कौतुक की टोमणा, ते विचारत नाहीत.