न घासलेला सांधा

"मिस्त्री, तुम्हीच सांगा. काम बाहेर द्यायचं, की मशीन घ्यायचं?"

मालकांनी लेझरने जोडलेला पत्र्याचा तुकडा मिस्त्रींपुढे धरला होता. शहराबाहेरच्या एका कारखान्यात रोबो असं काम करून देत होता. पत्रे कापून तिकडे पाठवायचे आणि जोडलेल्या टाक्या परत आणायच्या. दुसरी एक कंपनी मालकांच्या कारखान्यात बनणाऱ्या दुधाच्या टाक्यांच्या मापाचं लेझर मशीन खास बनवून द्यायला तयार होती. त्यात टाकी आपोआप फिरणार होती, पण सांधा जोडणारी गन मात्र माणसालाच धरावी लागणार होती.

"मशीन घ्या," मिस्त्री म्हणाले. "आपलं काम परक्याच्या हातात कशाला?"

"मलाही तेच वाटतं. घर गहाण टाकावं लागेल. पण तुमचा हात आहे म्हटल्यावर मला घोर नाही."

मिस्त्रींची मान ताठ झाली. पलीकडे सांधे घासत बसलेल्या त्यांच्या बायकोने मात्र ग्राइंडर बंद केला. गहाण पडणाऱ्या त्या घरात मालकांची आई अंथरुणाला खिळून होती.

लग्न झालं तेव्हापासून हे असंच चाललं होतं. मिस्त्री टाकी जोडणार, ती आतून घासणार. सांधा इतका गुळगुळीत करायचा, की दुधाचा थेंब कुठे अडकू नये. घरीही फारसं वेगळं नव्हतं. मिस्त्री चारचौघांत कुणाला तरी फाडकन बोलून यायचे आणि मागाहून ती जाऊन सारवासारव करायची. कारखान्यात सगळे म्हणत म्हणून तीही त्यांना 'मिस्त्री' म्हणे. घरीही तेच तोंडात बसलं, आणि त्यावरून सासूने मरेपर्यंत टोमणे मारले.

गेल्या काही महिन्यांत मात्र सांधा नागमोडी येऊ लागला होता. मिस्त्रींचा उजवा हात थरथरत होता. त्यांना ते कळत होतं की नाही, देव जाणे. ते कधी पत्र्याला नावं ठेवत, कधी विजेला, आणि मोकळे होत. ती काही बोलली नाही. उंचवटे घासत राहिली. मग एक टाकी गळते म्हणून परत आली आणि मालकांनी पत्रेवाल्याला फैलावर घेतलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तिनेच तो पत्रा घासून घासून कागदाएवढा पातळ केला होता. तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर पडले, तशी ती म्हणाली, "मिस्त्री, सकाळची टाकी बघता का जरा?"

"त्यात काय बघायचंय?"

"आत हात घालून बघा."

तिने ती टाकी घासलीच नव्हती. असं ती आजवर कधी वागली नव्हती.

मिस्त्रींनी बाही सारून हात आत घातला. बोटं सांध्यावरून निघाली, मध्येच थांबली आणि पुन्हा मागे आली.

"ही कुणी जोडली?"

कारखान्यात जोडकाम करणारा माणूस एकच होता.

"म्हणजे रोज तू..."

"जमलं तेवढं केलं. आता घासायला पत्रा उरत नाही, मिस्त्री."

"मला सांगायचं होतंस."

"ऐकलं असतंत?"

मिस्त्रींनी हात बाहेर काढला आणि नुसतेच त्याच्याकडे बघत बसले. ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःची लाज वाटली.

"मालकांना तू सांगणार?"

"मी कशाला सांगू? हात तुमचा आहे."

सुट्टी संपली. मालक आत येताच मिस्त्रींनी त्यांना टाकीपाशी बोलावलं, त्यांचा हात धरून आत घातला आणि सांध्यावर टेकवला.

"हे माझं काम. आज सकाळचं. मशीन घेऊ नका मालक, रोबोवाल्याकडेच पाठवा."

"एखादा सांधा बिघडतो हो," मालक म्हणाले.

"एखादा नाही. ती गळकी टाकीसुद्धा माझ्यामुळेच गेली. पत्रेवाल्याला तेवढं कळवा."

"तसं नाही, ती मी..." बायकोने तोंड उघडलं.

"तू मध्ये बोलू नकोस," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

मालकांनी टाकीतून हात काढला. "मग तुम्ही काय करणार, मिस्त्री?"

"बघू. आधी या टाकीचा निकाल लावतो. सांधा कापून काढला तर टाकी थोडी लहान होईल, पण पत्रा वाया जाणार नाही. नव्याने जोडायला तिकडे पाठवता येईल."

मालक मान हलवून आपल्या खोलीत गेले. मिस्त्रींनी पट्टी घेतली, खडू घेतला आणि कापायची रेघ आखायला वाकले. रेघ वाकडी आली. त्यांनी ती पुसली आणि पुन्हा आखली. तीही वाकडी आली. बायको शेजारीच उभी होती, पण तिने हात पुढे केला नाही.

त्यांनी दुसरी रेघही पुसली, खडू तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "तू ओढ."

मग टाकी हलू नये म्हणून ते दोन्ही हातांनी ती घट्ट धरून उभे राहिले.