हिरोचं कोण मेलंय?

पोरांच्या वाढदिवसाला सुपरहिरो होऊन नाचणाऱ्या महांतेशला वर्षभर कुत्रं विचारत नव्हतं. त्याचा लाल-पिवळा, घसरून पडणारा, हसवणारा हिरो पोरांना आता जोकर वाटायचा. पडद्यावरच्या हिरोंनी हसणंच सोडलं होतं, मग ह्याचे दात कोण बघणार? शेवटी त्याच्या आईनं, शांतव्वानं, चड्डीसकट सगळा ड्रेस काळा रंगवून दिला.

उचगावच्या एका बंगल्यात तो मुठी आवळून उभा राहिला. पाठीच्या नाड्या बांधायला बरोबर आलेली शांतव्वा दारात चपलांपाशी बसली होती.

“तुझं कोण मेलंय?” केक चघळत बर्थडे बॉयनं विचारलं.

“कुणी न्हाय की.”

“मग तू कसला हिरो? खऱ्या हिरोचं कुणीतरी मेलेलंच असतंय!”

पोरांनी हुर्यो उडवली. यजमानाच्या कपाळाला आठी पडली. महांतेशनं दाराकडं न बघता आवाज खाली नेला. “माझ्या आईला मारलं त्यांनी. ह्या हातांनी चिता पेटवली मी!”

टाळ्यांनी बंगला दणाणला. यजमानीण शांतव्वाला केक द्यायला आली. “तुम्ही ह्यांच्या कोण?”

“कोण न्हाय. कपडं शिवते.”

गाडीवर मागं बसून ती घरी आली. मग त्याच्या पाठीच्या नाड्या सोडता सोडता म्हणाली, “आपण लिंगायत हाय रं. आपल्यात जाळत न्हाईत, पुरत्यात. पुढच्या वाढदिवसाला तरी मला नीट पुरायचं.”