बताशावरचे दोन थेंब

मी पिपरमिंटच्या तेलाची बाटली बोलतेय. करंगळीएवढी, तपकिरी काचेची. कुणाच्या तरी वावरात पुदिना उगवला, भट्टीत शिजला, वाफेचं पाणी झालं आणि त्या पाण्यावर जे तेल तरंगलं, ते माझ्यात भरलं. एवढंच माझं बालपण.

धनज गावच्या भागिरथानं मला कारंजाच्या बाजारातून घेतलं. पदराच्या गाठीत बांधून एसटीनं आणलं. वाटेत गाडीभर वास सुटला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पिपरमिंटच्या गोळ्या एकटीच खाऊन राह्यली काय?"

सगळी गाडी हसली. भागिरथाही हसली. तेव्हा तिला पोट धरून हसता येत होतं.

कोनाड्यात, बताशांच्या डब्याशेजारी, माझं घर झालं. बताशावर माझे दोन थेंब, बताशा जिभेवर, वरून कोमट पाणी. पंगतीत जास्त जेवलेला, डाळीनं फुगलेला, सगळे तिच्याच दारात यायचे. ती कुणाला नाही म्हणाली नाही. पोटातला वारा मोकळा झाला की माणूस ढेकर देऊन हसतो आणि तिथंच गप्पा मारत बसतो. मला बरं वाटायचं.

मग भागिरथा स्वतःसाठी मला उघडू लागली. आधी जेवण झाल्यावर. मग जेवायच्या आधी. पुढं पुढं तर जेवणाच्या जागी.

धरलेला वारा मी सोडवते, मुरडा सैल करते. पण तिच्या पोटात काहीतरी ठाण मांडून बसलं होतं. माझ्यानं ते उठत नव्हतं, उलट तिची छाती जळायची. तरी थोडा वेळ दुखणं दबायचं, आणि तेवढ्यात ती विळ्यानं सोयाबीन सोंगून घ्यायची.

तिचा नवरा जानराव एकदा म्हणाला, "वाळून काडी झाली वं तू. कारंजाले दाखवून येऊ."

"रूपाचं बाळंतपण होऊ द्या. लेक माहेरी आली अन् मीच दवाखान्यात पडली, तं तिले डिंकाचे लाडू कोण देईन?"

"मी वळतो लाडू."

"तुमच्यानं पोळ्याचा मातीचा बैल बनला नाही कधी. म्हणे लाडू वळतो."

जानराव हसला. तिनं तोंड फिरवून मला उघडलं. विषय तिथंच राहिला.

रूपाला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी हातात धरून भागिरथा खाली बसली, ती उठलीच नाही. काळी उलटी झाली. दवाखान्यात डॉक्टरनं तिचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "इतके दिवस काय देत होते यांना?"

जानरावनं खिशातून मला काढलं. डॉक्टरनं मला उलटसुलट पाहिलं आणि गुपचूप परत दिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. गाठ होती, पसरली होती. थंडी सरायच्या आत भागिरथा गेली.

तेरवीला वांग्याची भाजी होती, बुंदी होती. लोक पोटभर जेवले. हात धुता धुता एक जण म्हणाला, "लय झालं बुवा. भागिरथाबाईची बाटली कुठी हाय?" बोलून गेल्यावर त्याचीच मान खाली गेली. जानराव उठला. बताशा काढला. दोनाचे चार थेंब पडले. ज्यानं मागितला, त्याला दिला.

परवा शेजारचे नानाजी आले. "जानरावभाऊ, दे बरं दोन थेंब."

"कवापासून दुखते?"

"होळीपासून. दबते मंग उठते."

"जेवण जाते काय?"

"अर्धी भाकर."

जानरावनं झाकण घट्ट लावलं. "उद्या कारंजाले चाल. मी येतो संगं."

"पेरणी हाय ना बाप्पा. ते आटोपू दे, मंग जाऊ."

जानरावनं मला उघडलं. नानाजींनी हात पुढं केला. जानरावनं मला चुलीतल्या थंड राखेवर उलटं केलं, शेवटचा थेंब गळेपर्यंत.

"आता चाल," तो म्हणाला.

बाबांनो, पोट फुगलं तर माझ्या बहिणी दुकानात पुष्कळ आहेत, त्यांना बोलवा. पण बताशा रोज मागावा लागला, घास नकोसा झाला, तर आम्हाला कोनाड्यात राहू द्या आणि गाडी धरा.

सकाळी दोघं एसटीत बसले. मी जानरावच्या खिशात होते, रिकामी. वास तेवढा उरला होता. पिपरमिंट कुठून येतं म्हणून कंडक्टरनं इकडंतिकडं पाहिलं. नानाजी पोटावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होते. कुणी हसलं नाही.