चुकलेलं उत्तर

वर्गातली पोरं त्यांना वहिनीच म्हणत. वयच तसं होतं, काय करणार! शाळेत वहिनींनी फिजिक्सचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्यांच्या वेळी त्या तासाला मुलींना शिवणकामाला बसवायचे. आणि आता लेक दहावीत असताना बाईंनी इंजिनियर व्हायचं मनावर घेतलं. कॉलेजनं घेतलं खरं, पण अट घातली. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास, तर जागा गेली.

रोज संध्याकाळी लेक शिकवायची आणि आई बोलणी खायची. "आई, वजन वेगळं, वस्तुमान वेगळं! किती डोकं खातेस गं!" नवरा भांडी घासता घासता गालात हसायचा. वहिनी मात्र हटल्या नाहीत.

परीक्षेत लंबक आला. दोरीला गोळा टांगायचा, लाकडी पट्टीनं दोरी मोजायची, झोक्यांना लागणारा वेळ मोजायचा आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. यायला हवं नऊ पॉइंट आठ. वहिनींचं आलं दहाच्या पुढे. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. गेली जागा!

शेजारचा पोरगा कुजबुजला, "वहिनी, उत्तर आधी लिहा आणि उलटं गणित करून वेळ भरा. शाळेपासून सगळे तेच करतात."

वहिनींनी खोडरबर उचललासुद्धा. पण उलटं गणित सुरू कुठून करायचं? ते यायला शाळेत फिजिक्स लागतं ना! शेवटी मन घट्ट करून त्यांनी आहे तसाच कागद देऊन टाकला.

सरांनी कागद चाळले आणि एक पट्टी उचलली. "या सगळ्या जुन्या पट्ट्यांची शून्याकडची टोकं मीच घासून ठेवली होती. यांच्यावर लांबी जास्त दिसते. म्हणजे नऊ पॉइंट आठ कुणाच्या बापाला येणार नाही. आणि इथे तर एक सोडून सगळ्यांना आलंय!"

पोरांच्या माना खाली. सर वहिनींकडे वळले. "तुम्हाला शाळेत फिजिक्स कुणी शिकवलं?"

"नव्हतंच सर, शाळेत."

"तरीच!" सर हसले. "तुम्ही पास. बाकीच्यांनी उद्या पुन्हा यायचं."

बाहेर येऊन वहिनींनी घरी फोन लावला.

"पास झाले गं!"

"आई! उत्तर किती आलं?" लेक ओरडलीच.

"चुकलं," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना.