एकशे त्रेसष्टावी फेरी

लॉरेल गॅपच्या ट्रॅकवर गेली तीस वर्षं शर्यत झालेली नाही. डांबराच्या भेगांतून गवत वर आलंय आणि उत्तरेकडच्या वळणावरची भिंत अर्धी पडलीय. तरी दर सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी चर्च सुटलं की तीन-चारशे माणसं घडीच्या खुर्च्या बगलेत मारून तिथे जमतात आणि नसलेल्या गाड्यांकडे बघत बसतात. मधल्या मांडवात एक खुर्ची माझी असते. तिच्यावर उशी असते, कारण हा मेळा भरवणाऱ्या टेरल ब्रूअरला माझ्या कंबरेची फार काळजी.

मी नेल्डा टेश. माझा नवरा गार्लंड, सेहेचाळीस नंबरच्या लाल गाडीचा ड्रायव्हर. चार वर्षांपूर्वी तो गेला. १९७४ साली इथल्या दोनशे फेऱ्यांच्या शर्यतीत त्याने शेवटच्या फेरीत ओडेल शुमेटला मागे टाकून बाजी मारली, ही गोष्ट आमच्या डोंगरात बायबलच्या खालोखाल सांगितली जाते. ती खोटी आहे. हे ठाऊक असलेली दोनच माणसं आता जिवंत आहेत, मी आणि ओडेल. ओडेल पन्नास वर्षं ओरडून सांगतोय, तर त्याला सगळे रडका म्हणतात. मी कधी तोंडच उघडलं नाही, तर मला उशी मिळते.

त्या काळी फेऱ्या माणसं मोजत. म्हणजे बायका मोजत. प्रत्येक गाडीची एक कार्डवाली, बहुतेक ड्रायव्हरची बायको नाहीतर बहीण. खांबांवर फळ्या ठोकून केलेल्या माचीवर आम्ही ओळीने बसायचो. समोर मोठं घड्याळ. आपली गाडी रेघेवरून गेली की घड्याळातली वेळ कार्डावरच्या चौकोनात लिहायची. दोनशे चौकोन ज्याचे आधी भरले तो जिंकला. शर्यत संपेपर्यंत खाली उतरायचं नाही, लघवीलासुद्धा नाही. पेन्सिली द्यायच्या आधी त्यांच्या मागचं रबर उपटून काढलेलं असायचं, म्हणजे कुणाला खाडाखोड करता येऊ नये. चूक झालीच तर उभं राहायचं, हात वर करायचा, मग मुख्य मोजणीदार सगळ्यांदेखत येऊन तिच्यावर काट मारणार आणि सही करणार. असा हात वर केलेल्या बाईला पुढे वर्षभर, तुला सातपर्यंत तरी मोजता येतं का बघू म्हणत, आठवड्याचे वार म्हणून दाखवायला लावत. पुरुषांना भारी विनोद वाटायचा तो.

त्या दिवशी माझ्या शेजारी अर्लीन बसली होती, ओडेलची बायको आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. एकशे त्रेसष्टाव्या फेरीला गार्लंडची गाडी टायर बदलायला ट्रॅकच्या आतल्या बाजूला, पिटमध्ये, उभी होती. ऊन डोळ्यांवर येत होतं आणि दोन तास दाबून धरल्यामुळे माझा जीव नुसता कासावीस झाला होता. मी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा एक लाल गाडी रेघ ओलांडत होती. मी वेळ लिहून टाकली. ती गाडी दुसऱ्याच कुणाची होती.

"नेल्डा," अर्लीन हळूच म्हणाली, "अगं, तो अजून आतच उभाय."

"मी पाहिलं त्याला जाताना," मी म्हणाले.

बस, एवढंच. मी चोवीस वर्षांची होते आणि मला हात वर करायचा नव्हता.

शेवटी काय झालं तेही सांगते, कारण टेरल ते वेगळंच सांगतो. ओडेल एक पूर्ण फेरी पुढे होता आणि त्याला ते माहीत होतं; माझ्या कार्डावर मात्र दोघं एकाच फेरीत होते. मागून गार्लंड चिकटला तेव्हा ओडेलने खिडकीतून हात काढून त्याला पुढे जा म्हणून खूण केली. उगाच ईर्ष्या नको, अपघात नको, जाऊ दे बापड्याला. लोकांनी पाहिलं ते एवढंच, की लाल गाडी पुढे गेली आणि ओडेलने चिडून मूठ उगारली. कार्डं तपासली, माझे दोनशे भरलेले होते. अर्लीनने शपथेवर सांगितलं, तर म्हणाले, नवऱ्यासाठी बोलणारच ती. त्या संध्याकाळी घरी येताना गार्लंडने मला एकदाच विचारलं, "तू मला येताना पाहिलंस ना?" मी म्हटलं, पाहिलं. पुढच्या मोसमात मात्र त्याने कार्ड आपल्या बहिणीच्या हातात दिलं, मला विचारलंसुद्धा नाही.

तर या वर्षी टेरलने ओडेलला बोलावलं. पन्नासावं वर्ष ना! टेरल त्या दिवशी सहा वर्षांचा होता, बापाच्या खांद्यावर बसून त्याने ती शर्यत पाहिली, आणि तिथून तो अजून खाली उतरलेला नाही. ट्रॅकच्या जुन्या तिकीटघरात त्याने संग्रहालय केलंय. माझ्या कार्डासाठी तो वीस वर्षं मागे लागला होता. मी सांगायचे, हरवलं. या वेळी मीच फोन करून म्हटलं, सापडलं, घेऊन येते. तो फोनवरच आनंदाने ओरडला. त्याने काचेची पेटी करून घेतली, आतून मखमल लावून.

मी कार्ड पर्समध्ये ठेवलं. सोबत एक नवी पेन्सिल ठेवली, मागे गुलाबी रबर असलेली.

मी पोचले तेव्हा मांडवात नेहमीचं चाललं होतं. तळलेल्या बलोनी सॉसेजचे सँडविच, उकडलेल्या शेंगा, गोड चहा आणि कुरकुर.

"आताच्या गाड्या म्हणजे एका ट्रेमधली बिस्किटं सगळी!" गावातला हार्वे म्हणाला. "रंग पुसला तर ड्रायव्हरच्या आईलापण ओळखू येणार नाही."

"आणि ते पोरगे! जिंकले तरी टूथपेस्टच्या जाहिरातीसारखे बोलतात," दुसरा म्हणाला.

"आता फेऱ्या कोण मोजतं माहितीय का? चिप! गाडीच्या पोटाखाली डकवलेली," टेरल म्हणाला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इथे बघा. ही आमची चिप. मिस नेल्डा! दोनशे फेऱ्या, एक चूक नाही."

दरवर्षी तो हे वाक्य बोलतो आणि दरवर्षी मला वाटतं, ती माची अजून पाडलेली नाही, मी वरच बसलेय आणि मला कुणी खाली उतरू देत नाहीये.

तेवढ्यात ओडेलला त्याच्या मुलीने चाकांच्या खुर्चीतून आत आणलं. शहाऐंशी वर्षांचा, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याला पाहताच तीन-चारशे लोकांनी खिशांतून पांढरे रुमाल काढले आणि ते डोळे पुसायचं नाटक करत हू हू करून रडू लागले. ओडेलचं नाव निघालं की हे इथे पन्नास वर्षं चालतं. मनात वाईट नसतं कुणाच्या, त्यांना ती गंमतच वाटते. आज मात्र तो स्वतः समोर होता. कुणीतरी प्रेमाने एक रुमाल त्याच्याही मांडीवर टाकला.

त्याला माझ्या शेजारीच बसवलं.

"ओडेल, तुम्ही आलात कशाला?" मी विचारलं. मला रागच आला होता, त्याचा की माझा कुणास ठाऊक.

"टेरल म्हणाला, तू कार्ड आणणारेस."

"आणलंय."

"अर्लीन गेली तेव्हा शेवटच्या आठवड्यात तिला माणसं ओळखू येत नव्हती," तो म्हणाला. "पण म्हणायची, ओडेल, तो आतच उभा होता. मी म्हणायचो, हो गं, आतच होता." त्याने माझ्या पर्सकडे पाहिलं. "मला चषक नकोय, नेल्डा. ठेवू कुठे आता? तू एकदा मोठ्याने बोल. या लोकांसमोर. मग मी घरी जातो."

मी पर्स उघडून कार्ड हातात घेतलं. मन कधी नव्हे इतकं हलकं झालं होतं. आज खाली उतरायचं, बस.

टेरलने मला माइक दिला. मी तो तोंडाशी धरला आणि सगळं सांगितलं. लाल गाडी दुसऱ्याची होती. गार्लंड आत उभा होता. अर्लीन खरं बोलली आणि मी खोटं. ओडेलने मूठ नव्हती उगारली, वाट दिली होती. "ती शर्यत ओडेल शुमेट जिंकला," मी म्हणाले. "माझी चूक होती. अर्लीनला मी खोटी पाडली." मग मी हात वर केला, पन्नास वर्षांपूर्वी करायचा होता तसा.

टेरलचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता शिव्या घालतील, आणि मी त्या शिव्यांची अगदी वाट बघत होते.

मागून हार्वे ओरडला, "अरे वा रे माझी वाघीण!"

आणि सगळा मांडव हसत सुटला. टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्या आपटणं. "पन्नास वर्षं पोटात ठेवलं बाईने!" "अधिकाऱ्यांच्या नाकावर टिच्चून नवऱ्याला जिंकवलं!" "ह्याला म्हणतात बायको!" टेरलच्या गालांवर पुन्हा रंग आला. त्याने माइक घेतला आणि त्याचा आवाज भरून आला. "ऐकलंत? म्हणून मी म्हणतो, ते दिवस वेगळेच होते! आजच्या चिपला आहे का ही हिंमत?"

"हिंमत नव्हती ती! मी घाबरले होते!" मी ओरडले. पण माइक त्याच्याकडे होता.

मी ओडेलकडे वळले. तो हसत नव्हता. तो माझ्या हातातल्या कार्डाकडे बघत होता.

"रबर आहे?" त्याने विचारलं.

मी पेन्सिल काढली. कार्ड मांडीवर ठेवलं, एकशे त्रेसष्टावा चौकोन शोधला. माझंच अक्षर, किती नीटनेटकं! रबर टेकवलं आणि पहिला आकडा जरा फिका झाला, तेवढ्यात टेरलने माझं मनगट धरलं.

"मिस नेल्डा, हे काय करताय? अहो, इतिहास आहे हा!"

"चूक आहे ती, टेरल. सोड."

"चूक आहे म्हणून तर मोलाची!" त्याने अलगद, अगदी लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसं कार्ड काढून घेतलं. चार माणसांनी मिळून ते मखमलीवर ठेवलं, वर काच बसवली आणि टेरलने किल्ली आपल्या साखळीला लावली. कुणीतरी तिथल्या तिथे काचेवर खडूने बाण काढला, त्या चौकोनाकडे रोखलेला. लोक रांग लावून बघायला लागले.

"पुढच्या वर्षी व्यासपीठ बांधतो, तुम्ही दोघंही वर बसायचं," टेरल आम्हाला म्हणाला. "मिस नेल्डा, तुम्ही हे सगळं असंच सांगायचं. तो हात वर केलात ना, तोपण. ओडेल, तुम्ही नुसते बसा. मी तुमच्यासाठीही उशी आणतो."

"मी येणार नाही," मी म्हणाले.

"दरवर्षी म्हणता," तो हसला आणि रांग नीट लावायला गेला.

ओडेल खुर्चीत मान खाली घालून बसला होता. त्याची मुलगी गाडी जवळ आणायला गेली होती. मी त्याच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "ओडेल, मी बोलले हो. मोठ्याने बोलले."

"ऐकलं मी," तो म्हणाला. त्याचे ओठ हलायला लागले. त्याने चाचपडत मांडीवरचा तो रुमाल उचलला आणि डोळ्यांना लावला. खांदे गदगदत होते.

रांगेतल्या एका बाईने ते पाहिलं आणि बाकीच्यांना कोपराने ढोसलं. मग सगळा मांडव उभा राहिला. म्हातारा पन्नास वर्षांनी का होईना, गमतीत सामील झाला म्हणून लोकांनी आपापले रुमाल काढले आणि ते त्याच्याकडे बघून हलवायला लागले.